खवळलेला समुद्र आणि किनाऱ्यावरून डॉल्फिन : वाचकांचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरच्या डॉल्फिनविषयी आलेल्या पत्रांत या वेळी विदर्भातल्या गावांचीच पत्रं जास्त आहेत. बहुतेकांची अडचण सारखी आहे : शेतीतून सवड मिळते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा समुद्र खवळलेला, बोटी बंद. मग नुसतं किनाऱ्यावर बसून काही दिसेल का? दिसेल. मात्र वारा, उजेड आणि भरती या तिन्हींचा हिशेब आधी जुळवावा लागतो.

सोयाबीनची डवरणी, निंदण, फवारणी आटोपली की पोळ्याच्या आगेमागे आठ-दहा दिवस हात मोकळे होतात. तेव्हा घरच्यांना घेऊन कोकणात जायचं आहे. वादळी वाऱ्यात डॉल्फिन दिसण्याची कितपत आशा धरावी? नेमकं कधी निघावं?
— शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

आशा जरूर धरा. आपल्या किनाऱ्याजवळचा मुख्य डॉल्फिन म्हणजे हम्पबॅक डॉल्फिन. तो उथळ पाण्यातलाच प्राणी आहे. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीच्या पट्ट्यात, खाड्यांच्या मुखाशी आणि खडकाळ टोकांच्या आसपास त्याचा वावर असतो. पावसाळ्यात नद्यांच्या लाल पाण्यानं किनारा गढूळ होतो, पण त्याचं काही अडत नाही. तो आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे हेरतो. अडतं ते आपलं. गढूळ पाण्याखालचं काही दिसत नाही, त्यामुळे तो श्वास घ्यायला वर येईल तेवढेच एक-दोन सेकंद आपले.

ते सेकंद हातून जातात ते फेसामुळे. वारा ताशी ११ किलोमीटरपर्यंत असेल तर पाण्यावर नुसते तरंग असतात. १२ ते १९ किलोमीटरला लाटांचे माथे तुरळक फुटू लागतात. २० ते २८ ला पांढरे ठिपके जागोजागी उठतात आणि ३९ च्या पुढे नजर जाईल तिकडे फेसच फेस. डॉल्फिन २० पर्यंत नीट शोधता येतो, २८ पर्यंत नशिबावर. त्यापुढच्या वाऱ्यात समुद्राकडे पाहायला छान वाटतं, पण डॉल्फिनसाठी तो दिवस सोडून द्यावा. वाऱ्याचा अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही : कापडी झेंडा ताणून फडकू लागला की १२ किलोमीटर ओलांडले, धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की २०.

म्हणून वादळाचा दिवस धरू नका, वादळानंतरची उघडीप धरा. वारा पडला की फेस काही तासांत विरतो. लांबवर उठलेल्या लाटांचा फुगवटा मात्र पुढे एखाद-दोन दिवस येत राहतो. त्या लाटा गोलसर आणि न फुटणाऱ्या असतात. उंचावर बसलात तर त्यांचा फारसा त्रास होत नाही. उघडीप कधी मिळेल ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे चार दिवसांत चार गावं करण्यापेक्षा चारही रात्री एकाच गावात काढा.

आता तारीख. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, असा कोकणात जुना हिशेब आहे : अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून तिथल्या भरतीच्या तक्त्यावरून खात्री करून घ्या. भरतीबरोबर मासळी खाडीत शिरते आणि बऱ्याच ठिकाणी डॉल्फिन तिच्या मागोमाग येतात, त्यामुळे चढत्या पाण्याचे दोन-तीन तास मोलाचे. सकाळचा उजेड आणि चढतं पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या तर श्रावण वद्य दशमी ते त्रयोदशी हे दिवस उत्तम. त्रयोदशीला दुपारी निघालात तर बैलांच्या खांदेमळणीला नाही, पण पोळ्याला घरी पोहोचाल. पोळा झाल्यावर निघायचं म्हटलं तर चौथ्याच दिवशी गणपती. तेव्हा कोकणच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या संथ धावतात, हेही धरून चाला.

कुठे बसावं? वाळूवर की किल्ल्यावर? उंचीनं खरंच फरक पडतो का?
— शिक्षक वाचक, लाखांदूर (जि. भंडारा)

फार पडतो. विद्यार्थ्यांना हे गणितही घालता येईल : डोळ्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा. क्षितिज तेवढे किलोमीटर दूर. वाळूवर उभ्या माणसाला, डोळा दोन मीटरवर धरला तर, पाच किलोमीटर. दहा मीटरवरून सव्वाअकरा, तीस मीटरवरून साडेएकोणीस. पण इतक्या दूरचा डॉल्फिन कुणाला दिसत नाही. उंचीचा खरा फायदा वेगळा आहे. खालून पाहताना पुढची लाट मागची खोलगट जागा झाकते आणि प्राणी नेमका त्या खोलगटात वर येतो. वरून पाहिलं तर दोन लाटांमधलं पाणी उघडं दिसतं. खवळलेल्या दिवशी वाळूवर तासभर बसण्यापेक्षा वीस-तीस मीटर उंचीवर पंधरा मिनिटं बरी. त्याहून फार वर गेलात तर मात्र प्राणी बारीक दिसू लागतात.

हर्णैचा कनकदुर्ग, अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, विजयदुर्ग, देवगड हे सगळे समुद्रात घुसलेल्या टोकांवर किंवा खाडीच्या तोंडाशी आहेत. पूर्वीच्या लोकांनी गलबतांवर नजर ठेवायला निवडलेल्या जागा डॉल्फिनसाठीही चांगल्या ठरतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. जागा सुरेख, पण वाळूची जीभ सखल असल्यानं लाटा असताना तिथून फारसं हाती लागत नाही.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तो साधारण अकरापर्यंत उपयोगी. दुपारनंतर तोच समोरून पाण्यावर तळपतो आणि प्रत्येक लाट काळी पाठ वाटू लागते. आभाळ एकसारखं भरलेलं असेल तर ही अडचण दिवसभर येत नाही. पातळ ढगांचा, पाऊस नसलेला, वारा पडलेला दिवस मिळाला तर जेवणही डब्यातून तिथेच करा.

दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार म्हणतो जितके जास्त पट तितकं चांगलं. आणि खाऱ्या हवेत ती खराब होते का?
— वरुड (जि. अमरावती)

दुकानदाराचं ऐकू नका. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. पट वाढले की हाताची थरथरही तितक्याच पटीनं वाढते आणि एका वेळी दिसणारा पट्टा अरुंद होतो. वाऱ्यात ८×४२ किंवा ७×५० घ्यावी. १०×४२ फार तर स्टँडवर. २० पटींच्या वर जाणाऱ्या किंवा झूमच्या स्वस्त दुर्बिणी समुद्रावर निरुपयोगी आहेत. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘नायट्रोजन भरलेली’ असं आहे का ते पाहा. आत नायट्रोजन असला की भिंगांच्या आतल्या बाजूला वाफ धरत नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करून दुकानातच पूर्ण वर्तुळ दिसतं का ते तपासा.

उभ्यानं पाहू नका. खाली बसा, पाठ भिंतीला टेका, कोपरं गुडघ्यांवर ठेवा. स्टँड असेल तर पाय आखूड करून त्याच्या मधल्या दांड्याला दगडांची पिशवी लटकवा.

खारे तुषार काचेवर बसले की पाणी सुकून मिठाचे कण उरतात. त्यावर रुमाल फिरवला की काचेवर ओरखडे आलेच. दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर आधी गोड्या पाण्याची बारीक धार सोडून मीठ विरघळवा, मग मऊ कापडानं टिपा. घासायचं नाही. घरी आल्यावर ओली दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद केलीत तर भिंगावर बुरशीची जाळी धरते, आणि ती सहसा निघत नाही. पंख्याखाली दिवसभर सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

लाट कोणती आणि पाठ कोणती, हे ओळखायचं कसं? आणि डॉल्फिन आणि पॉर्पॉइज यांत फरक काय?
— चामोर्शी (जि. गडचिरोली)

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितो. फुटलेली लाट पांढरी होते, पसरते आणि विरते. तुम्हाला शोधायचा आहे तो गडद, काठ स्वच्छ असलेला आकार, जो पुढच्या दिशेनं गोल वळत पाण्यात जातो. लाटांचे माथे वाऱ्याबरोबर एकाच दिशेला चाललेले असतात. डॉल्फिनला वाऱ्याची दिशा बंधनकारक नाही. त्या ओघाला आडवं किंवा उलटं काही सरकलं की नजर तिथेच रोखा.

हम्पबॅक डॉल्फिन वर येतो तो तिरपा. आधी लांब चोच पाण्याबाहेर, मग डोकं, मग पाठीची कमान. कमानीच्या मधोमध लांबट कुबड आणि त्या कुबडावर बसलेला छोटा तिकोनी पर. शेवटी शेपटीकडचा भाग, आणि खोल बुडी मारायची असेल तर कधी कधी शेपटीची दोन्ही पाती वर. अंगाची लांबी दोन ते पावणेतीन मीटर, रंग शिशासारखा करडा. कुबड दिसलं तर शंका उरत नाही.

पॉर्पॉइज हा डॉल्फिनचाच छोटा भाईबंद. आपल्याकडे तो एकाच जातीचा, पाठीवर पर नसलेला. लांबी साधारण दीड मीटर, डोकं गोल, चोच नाही, पाठीवर पराऐवजी खरखरीत बारीक उंचवट्यांची अरुंद पट्टी. सहसा एकटा किंवा दोघं-तिघं असतात, उड्या क्वचितच मारतात. सपाट पाण्यावरसुद्धा हातभर काळी पाठ क्षणभर दिसते आणि जाते. माथे फुटायला लागले की अनुभवी माणसालाही तो सापडत नाही, म्हणून पावसाळ्यात ‘आज पॉर्पॉइज दिसला’ असं कुणी सांगितलं तर वारा किती होता ते आधी विचारा. तो पाहायचाच असेल तर दिवाळीनंतरची वारा नसलेली सकाळ गाठावी. दातांचा फरकही आहे (डॉल्फिनचे सुळ्यासारखे टोकदार, पॉर्पॉइजचे चपटे, फावड्याच्या पात्यासारखे), पण त्याचा उपयोग वाळूवर आलेल्या मेलेल्या प्राण्यापुरताच.

एकदा काही दिसलं की दुर्बीण हलवू नका. बुडी एखाद्या मिनिटाची असते, कधी चार-पाच मिनिटांची. घड्याळ लावून पाच मिनिटं तोच भाग आणि प्राणी ज्या दिशेला वळला होता त्या बाजूचा पट्टा पाहत राहा. जाळ्याचा बोया असेल तर तो त्याच जागी खालीवर होत राहील. पुरात वाहून आलेला ओंडका हळूहळू एकाच दिशेनं सरकेल. कासव असेल तर मुठीएवढं डोकं काही क्षण स्थिर दिसून सरळ खाली जाईल.

शोधण्याची रीत अशी ठेवा : एकानं नुसत्या डोळ्यांनी सगळा समुद्र पाहायचा, दुसऱ्यानं दुर्बिणीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, साधारण दोन मिनिटांत एक फेरी. वीस मिनिटांनी अदलाबदल. थकलेल्या डोळ्यांना प्रत्येक लाटेत डॉल्फिन दिसू लागतो. सुरय आणि कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर तिथे मासळी वर आली आहे. दुर्बीण आधी तिकडे. जोडीदाराला जागा सांगताना ‘तिकडे बघ’ म्हणू नका. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश मोजते, एक बोट सुमारे २ अंश. ‘त्या खडकाच्या उजवीला दोन मुठी, क्षितिजाखाली एक बोट’ असं सांगितलं की दुसऱ्याला पहिल्या झटक्यात सापडतं.

समुद्र आमच्यापासून हजार किलोमीटरवर. इथेच काही सराव करता येईल का?
— अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

तुमच्याइतका चांगला सराव मुंबईकरांनाही मिळणार नाही. नवेगाव बांध, इटियाडोह किंवा गावचा मोठा मामा (माजी मालगुजारी) तलाव, कुठलाही चालेल. पाच लिटरचा काळा प्लास्टिकचा डबा घ्या. थोडी थोडी वाळू भरत बादलीत तरंगवून पाहा. चार बोटं पाण्यावर राहिली की झाकण घट्ट लावून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधा. एखाद्या ढिवर बांधवाला विनंती करून तो डोंग्यातून नेऊन दोन-तीनशे मीटरवर दोरी आणि दगडाच्या नांगरानं सोडायला सांगा, आणि जागा तुम्हाला सांगू नका म्हणावं. मग पाळीवरून शोधा. वारा नसताना किती वेळ लागला आणि झेंडा फडफडत असताना किती, दोन्ही वेळा वहीत टिपा. पाळीवरून उतरून पाण्याच्या काठाशी बसून तेच करा. लाखांदूरच्या गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी मिळेल. काम झालं की डबा आणि दोरी परत काढून घ्या. जाळ्यात अडकायला नको.

दुसरा सराव पाणकावळ्याचा. तो पाण्यात खोल बसून पोहतो आणि बुडी मारून भलतीकडेच निघतो. बुडी मारली की सेकंद मोजा, कुठे निघेल ते मनाशी ठरवा आणि दुर्बीण तिथे लावून ठेवा. लाटांमध्ये वरखाली होणाऱ्या पाणकावळ्यावर दुर्बीण धरून ठेवता आली की समुद्रावर हात बसलेला असेल.

प्राणहितेत डॉल्फिन असल्याचं पोरं सांगतात. खरं आहे का?
— सिरोंचा (जि. गडचिरोली)

नाही. भारतातले नदीतले डॉल्फिन गंगा-ब्रह्मपुत्रेच्या आणि बियास नदीच्या पाण्यात आहेत; प्राणहिता ज्या गोदावरीला मिळते तिच्या खोऱ्यात नाहीत. काळी, चकचकीत पाठ वळवत तीन-चार जण ओळीनं जाताना दिसले असतील तर ते उद, म्हणजे पाणमांजरं असण्याची शक्यता मोठी. ती काठावर येतात. ओल्या वाळूत पंजांचे ठसे आणि माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा शोधा. तीही कायद्यानं संरक्षित आहेत आणि नदीवर त्यांची नोंद होणं फार गरजेचं आहे. पोरांना शाबासकी द्या आणि पुढच्या वेळी तारीख, वेळ, जागा लिहून ठेवायला सांगा.

समुद्राची सवय नसलेल्या माणसांनी वादळी हवेत काय सांभाळावं?
— कारंजा लाड (जि. वाशिम)

समुद्राच्या बातमीत ‘लाटेची उंची ३ मीटर’ असं येतं, तेव्हा ती सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच दिवशी जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट येऊ शकते. खडकावरची माणसं ओढली जातात ती अशा लाटेत. त्याआधी अर्धा तास काहीच झालेलं नसतं. बसण्याआधी वीस मिनिटं पाहा, पाणी कुठवर चढतं ती ओली रेघ लक्षात ठेवा आणि तिच्यापासून बरंच वर, कोरड्या जागी बसा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही रेघ आणखी वर सरकते. काळ्या खडकावर हिरवं शेवाळ असेल तिथे पाऊलच टाकू नका. जांभ्या दगडाच्या कड्यांची कडा पावसात सुटते, तिच्यापासून तीन-चार मीटर मागे राहा.

हवामान खात्याचा किनारपट्टीचा अंदाज आणि हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा उंच लाटांचा इशारा रोज सकाळी पाहा. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याची खूण, लागला असेल तर त्या दिवशी किल्ल्याच्या टोकाला जाऊ नका. विजांचं आपल्याकडे कुणाला सांगायला नको : गडगडाट ऐकू आला की स्टँड तिथेच सोडून पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. छत्री वाऱ्यात टिकत नाही, दोन्ही हात अडकवते, रेनकोट न्या. प्रवासी बोटी मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतात. त्या काळात कुणी ‘गुपचूप फिरवून आणतो’ म्हणाला तर साफ नकार द्या. डॉल्फिनच्या मागे बोट पळवणं एरवीही वाईटच. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याचा त्यांना काडीचा त्रास होत नाही.

वाळूवर डॉल्फिन पडलेला दिसला तर काय करायचं? परत पाण्यात ढकलायचं का?
— उमरेड (जि. नागपूर)

लगेच ढकलू नका. जिवंत डॉल्फिन सहसा आजारी किंवा जखमी असला तरच किनाऱ्याला लागतो आणि लाटांत तसाच सोडला तर पुन्हा आपटतो. आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गावच्या मच्छीमारांना बोलवा. मदत येईपर्यंत त्याला पोटावर सरळ ठेवा. डोक्याच्या वरचं श्वासाचं छिद्र मोकळं राहू द्या. त्यात पाणी वा वाळू गेली तर तो गुदमरतो. ओली सुती चादर अंगावर टाका, छिद्र सोडून, आणि ती ओली ठेवा. दोन्ही बाजूंच्या परांखाली वाळू उकरून खड्डे करा, म्हणजे अंगाच्या भारानं ते दुमडत नाहीत. शेपटीला दोर बांधून ओढू नका, मणका निखळतो. आवाज, गर्दी, सेल्फी दूर ठेवा आणि त्याच्या श्वासाच्या फवाऱ्यात तोंड नेऊ नका.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा मेलेले प्राणीही किनाऱ्याला आणतो. त्यांना हात लावू नका, रोगजंतू असतात. बाजूला काठी किंवा चप्पल ठेवून लांबी कळेल असा पूर्ण अंगाचा एक फोटो, डोक्याचा एक, पाठीचा एक, शक्य असेल तर दातांचा एक काढा, आणि जागा व वेळ त्याच क्रमांकावर कळवा. डॉल्फिन आणि पॉर्पॉइज दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे दात किंवा हाड आठवण म्हणून घरी नेणंही गुन्हा ठरतो.